सतरावी वस्ती नाव मागते

काळटाकळी, ताडकळसजवळ, जिल्हा परभणी
१२ नोव्हेंबर १९७९

कॅरोलिनाच्या सतराव्या वस्तीतल्या बायामाणसांनो,

तुमच्यावर आणि आमच्यावर एकाच राणीचं राज्य आहे. एकाच हाताने आपल्या दोघांच्या गावांना आकडे लावले, आणि लावताना दोघांनाही विचारलं नाही. तुमच्या वेशीवर सतरा. आमच्या वेशीवर कापूस खात्याने रंगवलेले मोठे तेवीस, आणि खाली, पाटीवर जागा उरली म्हणून, बारीक अक्षरात काळटाकळी. राज्य करणाऱ्याची ही पहिली विद्या आहे. आधी नाव काढून घ्यायचं. मग बाकीचं लोक स्वतःच आणून देतात.

तुमच्यातल्या सुलाबाईंचं कार्ड काल पोचलं. त्यात दोनच प्रश्न होते. "पेपरात आलेले, परभणीच्या सभेत हरलेल्या बंडावर बोलनारे सूर्यभान तुमीच का? अन् तुमचं काळटाकळी म्हंजी येशीला दोन चिंचा असलेलंच का?"

होय, मीच तो. पूर्वी शाळामास्तर होतो, आता भाषणं करतो, आणि भाषणांपायीच मास्तरकी गेली. त्या सभेत मी सांगितलं ते तुमच्याच किनाऱ्यावर घडलेलं आहे. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्रज राजाविरुद्ध शस्त्र उचललं. शेवटच्या वेढ्यात त्यांच्या मदतीला निघालेली फ्रेंच गलबतं वादळाने भरकटवली. बंड मोडलं. सेनापती फासावर गेला. त्यांचा जाहीरनामा चौकाचौकात जाळला गेला. वसाहत शेवटी हरतेच, हा धडा जगाने तेव्हा पाठ केला, आणि त्यानंतर कुणी परीक्षेला बसलंच नाही. हैदराबादेत निजाम, निजामावर रेसिडेंट, रेसिडेंटवर लंडन आणि सगळ्यांच्या तळाशी आम्ही. हे त्या एका वादळाचं पीक आहे.

हे सगळं मी पुस्तकांतून शिकलो. पण चिंचा? आमच्या वेशीला दोन चिंचा होत्या खऱ्या. त्यांतली एक माझ्या आज्याच्या लहानपणी पडली. ते आता गावातल्या पोरांनाही ठाऊक नाही. तुम्हाला तिकडे कुणी सांगितलं? तुमचं कार्ड हातात घेऊन मी उरलेल्या चिंचेखाली जाऊन उभा राहिलो. लोक म्हणाले, मास्तरला ऊन लागलं.

लवकर लिहा.

आपला,
सूर्यभान


सतरावी वस्ती, कॅरोलिना
९ जानेवारी १९८०

सूर्यभानभाऊंना सुलाबाईचा रामराम.

तुमचं पत्र आधी मी वाचलं, मग शेजारणीनं, मग ते वस्तीभर फिरलं. परत आलं तवा घडीघडीला तिखटाचा वास. आमच्याकडं शाळेत इंग्रजी हाय, पन बाळबोध अक्षर आई लेकीला शिकवती, म्हणून तुमाला लिहू शकते. चुका पोटात घाला.

चिंचा आमच्या जात्यावरल्या ओवीत हायत.

काळटाकळीच्या येशीला चिंचा दोन जुळ्या बाई
एकीखाली माझा बाप, दुजीखाली जाऊ न्हाई

दुसरीखाली का जाऊ न्हाई, ते कुणालाच ठाव न्हाई. भूत असंल.

आमी इथं कसे आलो ते ऐका. बंड मोडल्यावर इथले मळे मोठे झाले. त्यावर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबायचे. पुढं राज्यात गुलामी बंद झाली अन् मळेवाल्यांना कापूस येचायला हात मिळंनात. तवाच तुमच्याकडं दुष्काळ पडलेला. दलाल बाजाराबाजारात फिरले, कापसाची समज असलेली काळ्या रानातली मानसं त्यांनी गलबतात भरली. गलबतात चढताना करार पाच वर्सांचा होता, उतरताना जन्माचा झाला. आफ्रिकेच्या लोकांची लेकरं आमच्या शेजारच्या वस्तीत ऱ्हात्यात. पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच आमाला जगवलं. आमच्या मानसांनी चिंचोके आणले होते, ते थंडीनं मेले. ज्वारी मातर जगली. अजून पिकती.

पोळा आमी करतो. बैल कमी, खेचरं लय. खेचराला शिंगं न्हाईत, म्हणून त्याचे कान रंगवतो. हसू नका.

आता मागनं. गव्हर्नरानं हुकूम काढलाय की वस्त्यांनी या दिवाळीच्या आत आकडा टाकून नाव घ्यावं. कुण्या गावाचं नाव हवं असंल तर त्या गावात जाऊन, भरसभेत समोर हुभं राहून मागावं, अन् गावानं हो म्हनावं. न्हाई तर गव्हर्नर आपल्या मनानं नाव ठेवील. आमच्यासाठी त्यानं आपल्या मेलेल्या घोडीचं नाव काढून ठेवलंय.

भाऊ, आमाला काळटाकळी व्हायचंय. गाव देईल का?

सुलाबाई


काळटाकळी
गुढीपाडवा, १९८०

सुलाताई,

माझी एक खोड तुम्हाला सांगतो. आलेलं पत्र मी एकट्याने फोडत नाही. चिंचेखालच्या पारावर चढतो, गाव जमलं की फोडतो आणि खणखणीत वाचतो. शब्द माझ्या डोळ्यांत आणि गावाच्या कानांत एकदमच पडला पाहिजे. तुमचं पत्रही तसंच वाचलं. इतकी वर्षं बोलतोय, पण असा पार मी पाहिला नव्हता. ओवी म्हटली आणि मागून दोन म्हाताऱ्यांनी पुढची ओळ धरली. तुमचीच ओळ. समुद्र मध्ये असून सूर एकच.  

मग जो गोंधळ उडाला तो लिहितो.

बन्सीधरराव पाटील उठून म्हणाले, "आपलंच रगत हाय ते! खेचराचे कान रंगवायलेत, पन पोळा सोडला न्हाई!"

कस्तुराबाई म्हणाल्या, "आमच्या आजेसासूचा आजेसासरा दुष्काळात गेला तो आलाच न्हाई. ही त्याच्याच वंशाची. आमची हाय."

"तुमची कशी? आवाज तर आमच्या घरचा वाटायलाय," मुंजाजी म्हणाला.

"पत्राला आवाज असतो का रे येड्या?"

"मास्तर वाचायलेत म्हणून मास्तरचा झाला, न्हाई तर आमचाच."

दुकानदार सिद्रामप्पांनी बत्ताशांचं पोतंच सोडलं. पोरांनी आधी हात मारला, मग थोरांनी. पारापासून लांब, ती पडलेली चिंच जिथे होती तिथे, सरजाबाई म्हणून एक म्हातारी बसून ऐकत होती. तिच्यापर्यंत बत्ताशे पोचेपर्यंत पोतं संपलं.

भुताचं म्हणाल तर पाटलांची आई सांगते की उरलेल्या चिंचेवर मुंजा होता. म्हणून "जाऊ न्हाई". उलगडलं!

गावाने ठरवलंय. पोळ्याला या. वेशीत सभा भरवू. पाटलांचे शब्द जसेच्या तसे देतो: "नाव तर देऊच, तोरणाखालून पयला बैल बी तिचाच." फक्त एक भांडण मिटवा. तीन घरं तुमच्यावर हक्क सांगतायत. इथे प्रत्येक घराची पोळ्याची काही ना काही वेगळी रीत असते. तुमची रीत लिहा, म्हणजे घर आपोआप कळेल.

सूर्यभान


सतरावी वस्ती
४ मे १९८०

भाऊ,

बत्ताशांचं वाचून इथं पोरांनी हट्ट धरला, आमाला बी पायजेत म्हनून.

आमची रीत अशी. पोळ्याच्या सांजंला वस्तीतली सगळ्यात थोरली बाई, म्हंजी आता मी, घुंगरं लावलेली काठी घेते. मानसाच्या डोक्याइतकी उंच, गलबतातून आलेली. दारापुढं आपटली की घुंगरं वाजत्यात अन् घरचं मानूस भाईर येतं. मी त्याला अर्धी भाकर देते. ती खाल्ल्याबिगर त्या सांजंला कुणी चुलीवरलं खात न्हाई. मग तो घरमालक असो, न्हाई तर पावना.

ही रीत आमच्या पहिल्या म्हाताऱ्यानं घातली. त्याचं नाव सटवाजी. उतरल्यावर पहिल्या पोळ्याला कुणापाशी काहीच नव्हतं. त्यानं आपल्या शिध्यातलं पीठ मागं टाकलेलं. त्याच्या भाकरी केल्या, काठी घेतली, अन् झोपडीझोपडीला अर्धी अर्धी वाटली. तो म्हनायचा, "गावात बी पोळ्याला मी हीच काठी घेऊन दारोदार जायचो. भाकरीनं टोपलं भरायचं." अन् म्हनायचा, "माझ्याबिगर गावाची येस लागत नव्हती."

आता सांगा, पोळ्याला टोपलं भरून अख्ख्या गावाला भाकर देनारं घर केवढं असंल! येशीचे मालकच की. मी इथं म्हनले, पाटलापेक्षा बी मोठं असंल. बाया हसल्या. तुमी नका हसू. ते घर कुठलं, तेवढं लिहा.

सुलाबाई


काळटाकळी
१९ जून १९८०

सुलाताई,

पत्र मिळालं. नेहमीप्रमाणे पारावरच वाचलं. लोक गप्प झाले.

इकडे पेरणीची घाई आहे. पोळ्याला यायची गडबड करू नका. पुढच्या वर्षी पाहू.

सूर्यभान


सतरावी वस्ती
११ जुलै १९८०

भाऊ,

लोक गप्प झाले हे वाचून इथं बायांचे डोळे भरले. एवढ्या थोर घराचं नाव निघाल्यावर बोलनार तरी काय कुणी? तुमच्यासारखा बोलका मानूस, तुमाला बी चार ओळींच्या वर लिहवलं न्हाई. समजले मी.

पुढच्या वर्षावर न्यायचं म्हनता, पन दिवाळीनंतर आमी घोडी होनार. म्हणून मी निघाले. हे पत्र इमानानं पोचंल, मी बोटीनं. इमानाचं भाडं वस्तीला झेपत न्हाई. काठी संगं हाय. निघताना घरटी मूठमूठ ज्वारी दिली सगळ्यांनी. सटवाजीनं नेलेल्या बियांची हाय ती. तुमच्या गावात दळीन अन् तिच्याच भाकरी करीन. दीडशे वर्सांनी ती ज्वारी घरी यायलीय, याचंच मला लय नवल वाटतंय. रोज पोतडी उघडून हात घालून बघते.

मुंबईला उतरले की बंदरावरल्या टपालात तुमचं पत्र बघीन.

सुलाबाई


काळटाकळी
६ ऑगस्ट १९८०

सुलाताई,

हे पत्र तुम्ही बसून वाचा.

मी पोलिसांच्या समोर बोललोय, रेसिडेंटच्या माणसासमोर बोललोय. मे महिन्यातल्या तुमच्या पत्राच्या एका ओळीपुढे मात्र माझी वाचा बसली. आणि मी आधी वाचलेलं नसल्यामुळे ती गावासमोर बसली.

"घुंगरं लावलेली काठी" म्हटलं आणि हसणं थांबलं. "टोपलं भरायचं" म्हणेपर्यंत पार अर्धा रिकामा झाला होता. कस्तुराबाई पदर सावरत उठल्या. "मी कधी म्हनले ती आमची म्हनून?"

ती काठी येसकराची आहे. येसकर म्हणजे वेशीचा राखणदार, आणि तो महारवाड्यातला. वेस तोच लावायचा, तोच उघडायचा, पण त्याचं घर वेशीबाहेर. पोळ्याच्या संध्याकाळी तो ती काठी वाजवत दारोदार जायचा, आणि लोक त्याला न शिवता वरून त्याच्या टोपल्यात भाकर टाकायचे. सटवाजी गावाला भाकर देत नव्हता, ताई. गाव त्याला टाकत होतं.

आणि चिंचेवर मुंजा नव्हता. तिथे आम्ही होतो. जी चिंच पडली तिच्याखाली तुमचा बाप बसायचा. जी उभी आहे तिच्याखाली त्याने जाऊ नये, हा आमचा कायदा होता. मी पुस्तकांवर पुस्तकं वाचली आणि दोन ओळींची ओवी मला वाचता आली नाही.

बन्सीधरराव दुसऱ्या दिवशी घरी आले. "मास्तर, गावाचं नाव काय रस्त्यावर पडलंय? आकडाच बरा त्यांना."

"पाडव्याला तुम्ही रक्त म्हणाला होता, पाटील."

"तवा रीत ठाव नव्हती."

"रीत कळल्यावर रक्त बदललं?"

"तुमी भाषणं करा. पोळा मी करतो. जो हो म्हनंल त्याचा बैल तोरणाखालून जानार न्हाई."

मग मी सरजाबाईंकडे गेलो. या गावच्या येसकराची काठी त्यांच्या घरात आढ्याला टांगलेली आहे. त्यांनी मला आत बोलावलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभा. ते बरोबरच होतं.

"आमची पोरं ही काठी चुलीत घालायला निघालीत," त्या म्हणाल्या, "अन् तुमची ती बाई समुद्रापल्याडून दुसरी मिरवत आनायलीय! येडी हाय का शानी?"

मी त्यांना सटवाजीच्या पहिल्या पोळ्याचा मजकूर वाचून दाखवला.  त्या म्हणाल्या, "परत वाच." मी परत वाचला.

"मागायला दार नव्हतं तिथं," त्या हळूच म्हणाल्या. "काठी तर हातात हाय. मग काय करावं मानसानं? त्यानं वाटली." मग आढ्याकडे बघत म्हणाल्या, "ज्याला जनमभर वरून टाकली, त्यानं हातात दिली. तिला म्हनावं, ये. मागायला न्हाई यायचं. वाढायला ये."

ताई, मी त्या हरलेल्या सेनापतीवर वर्षानुवर्षं गळा कोरडा केला. सगळी माणसं सारखी, असं त्यांच्या जाहीरनाम्यात होतं, आणि तो मानणाऱ्या कितीकांच्या मळ्यावर गुलाम होते. ते बंड मोडलं. त्याच किनाऱ्यावर पुढे एक येसकर उतरला, त्याने काठी तीच ठेवली आणि भाकरीची दिशा फिरवली. ते बंड कुणाला मोडता आलं नाही, कारण कुणाला ते बंड आहे असं दिसलंच नाही. मी इतका वाचलेला माणूस. असं मी कुठेच वाचलं नव्हतं.

गाव आता नाही म्हणतंय. यायचं की मुंबईहून परतायचं, हे तुम्ही ठरवा.

सूर्यभान


मुंबई
३० ऑगस्ट १९८०

भाऊ,

बंदरावरल्या बाकड्यावर बसून वाचलं. मग काठी मांडीवर आडवी घेऊन तशीच बसले. एक पोलीस म्हनला, "आजी, वाट चुकली का?" मी म्हनले, "न्हाई बाबा, आत्ता घावली."

सटवाजी आमाला खोटं बोलला न्हाई. दारोदार जायचो, खरं. टोपलं भरायचं, खरं. माझ्याबिगर येस लागायची न्हाई, खरं. ज्यानं लेकरांची मान खाली जाईल तेवढंच त्यानं गिळलं, अन् बाकीचं समदं आमाला दिलं. दीडशे वर्सं आमच्या वस्तीत एक बी लेकरू असं जन्मलं न्हाई की ज्याला ठाव होतं, आपन कुणाच्या तरी खाली हाव. एका मानसाच्या गप्प बसन्यात एवढी जागा होती!

मी तुमाला पुसलं होतं, ते घर पाटलापेक्षा मोठं असंल का. भाऊ, माझं चुकलं नव्हतं.

पूर्णेपर्यंत रेल्वेनं येते. सरजाबाईंना म्हनावं, जातं धुऊन ठेवा.

सुलाबाई


काळटाकळी
८ सप्टेंबर १९८०, पोळ्याचा आदला दिवस

काळटाकळीच्या लोकांनो,

आज मी पारावर चढलो नाही. हे पत्र मुंजाजी घरोघर वाचून दाखवतोय. "आवाज आमच्या घरचा" म्हणणारा तोच. पाडव्यापासून त्याने एकट्यानेच शब्द फिरवलेला नाही.

सुलाबाई आल्या. पूर्णेच्या फलाटावर उतरल्या आणि आधी वाकून माती हातात घेतली. स्टेशनातली ती माती, कोळशाने काळी झालेली. मी म्हटलं, ताई, ही आपली नव्हे, अजून पुढे आहे. त्या म्हणाल्या, "काळी हाय ना? मग झालं." वेशीपाशी पोचल्यावर त्यांनी चिंच पाहिली आणि पाय आपोआप थांबले. पायांना ती ओवी पाठ होती. त्या तिथून बाजूने वळून सरजाबाईंकडे गेल्या. माझ्या गावाची एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

काल दुपारभर त्या दोघी जात्यावर बसल्या होत्या. खुंटा एकच, हात दोघींचे. ज्वारी या मातीतून गेलेली, त्या मातीतून परतलेली. ओवी दोघींना येत होती. महारवाड्यातली पोरं, काठी जाळायला निघालेली, दाराशी बसून ऐकत होती. सरजाबाईंनी आढ्यावरची काठी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "पोळ्याच्या सांजंपर्यंत थांबा. गावानं भाकर घेतली तर ही ठेवू. न्हाई घेतली तर मीच पेटवते, अन् त्या उजेडात बघू कोन कोन तोंड लपवतंय."

तेवीस आकड्यावर तुम्ही किती चिडता! कापूस खात्याचा माणूस आला की पाटीवर चिखल मारता. मग दुसऱ्याच्या कपाळी सतरा राहू द्यायला तुम्हाला कुठली राणी शिकवते? नाव काही भाकर नाही की दिल्याने अर्धं होईल. आणि अर्धी भाकरही, पाहा, दीडशे वर्षं पुरली.

बन्सीधररावांचा दम तुम्ही ऐकला आहे. तोरण त्यांच्या हातात आहे, त्यांनी ते सांभाळावं. माझी बैलजोडी उद्या वेशीबाहेर राहील. चालेल. त्या जागी याआधी माणसं राहिली आहेत.

उद्या मी भाषण करणार नाही. हात वर करा म्हणणार नाही, कागदावर अंगठा मागणार नाही. गावाचं हो भाकरीवरूनच कळेल. बैल वेशीतून गेले की दोन म्हाताऱ्या दोन काठ्या घेऊन अजून उभ्या असलेल्या चिंचेखाली येतील, जिथे त्यांच्या बापाला कधी येता आलं नाही. टोपलं भरलेलं असेल. घुंगरं वाजतील. तेव्हा घराकडे वळू नका. चिंचेखाली या, सुलाबाईंच्या हातून अर्धी भाकर हातात घ्या, आणि तिथेच, सगळ्यांच्या देखत, खा.

सूर्यभान